बारसूचं पत्र ज्यांनी लिहिलं, त्यांनाच मत?

२०२४ च्या लोकसभेला मशालीचं, म्हणजे उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचं, बटण दाबलं हे मी घरच्या ग्रुपवर सांगून बसले, तेव्हापासून काका पिच्छा सोडत नाहीत. "अगं, रिफायनरीसाठी राजापूरजवळच्या बारसूची जागा यांनीच दिल्लीला सुचवली. पर्यावरण पर्यावरण करतेस आणि मत त्यांनाच?" काकांचं काही खोटं नाही. पण हे दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी पापांचा हिशोब मीच मांडते. रिफायनरी आधी नाणारला येणार होती. तिथल्या जमिनीची अधिसूचना २०१७ मध्ये निघाली तेव्हा उद्योग खातं शिवसेनेकडेच होतं. म्हणजे अधिसूचना यांच्याच खात्याची आणि विरोधाच्या सभेतली भाषणंही यांचीच. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री असताना उद्धव ठाकरेंनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूचा पर्याय कळवला. ज्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तोच हा बारसूचा सडा. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी पोलिसांच्या फौजफाट्यासह मशिनं आली, बायका रस्त्यावर आडव्या पडल्या, तेव्हा सत्तेबाहेर बसलेले हेच नेते लोकांना नको तर प्रकल्प नको म्हणू लागले. आणि राजापूरचे त्यांचेच तेव्हाचे आमदार राजन साळवी? ते रिफायनरी हवी म्हणून सांगत होते. काय बोलायचं!

हे सगळं डोक्यात ठेवूनच मी मत दिलं.

कारण नाणारची ती अधिसूचना रद्दही झाली. मार्च २०१९ मध्ये, लोकसभा तोंडावर आलेली असताना. एका रात्रीत कुणाला आंब्या-काजूचा पुळका आला नव्हता, राजापूर-देवगडची मतं जातील ही धास्ती होती. मला ती धास्ती पुरते. कोकणातली मतं गेली तर ज्याच्या पायाखालची जमीन सरकते, तो पक्ष नालायक असला तरी त्याला वाकवता येतं. समोरच्या बाजूला तेवढीही आशा मला दिसली नाही. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात एकीकडे रिफायनरीचे उघड समर्थक भाजपचे नारायण राणे, दुसरीकडे विरोधात बोलणारे मशालीचे विनायक राऊत. निवड अवघड नव्हती. राणे निवडून आले, तो भाग वेगळा.

सगळे सारखेच म्हणणाऱ्यांना मी नेहमी मुंबईच्या आरेची आठवण देते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली रातोरात दोन हजारांवर झाडं तोडली. नोव्हेंबरात सरकार बदलून ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि कारशेडला स्थगिती आली. पुढच्या वर्षी आरेतली सुमारे ८०० एकर जागा राखीव वन म्हणून जाहीर झाली. कांजूरमार्गचा पर्याय कोर्टात अडकला, मेट्रो रखडली, खर्च वाढला, हे मान्यच. २०२२ मध्ये नवं सरकार आलं आणि कारशेड परत आरेत गेलं. पण ते राखीव वन राहिलं. सरकार पडलं तरी सरकारी कागदावर चढलेलं सहज पुसलं जात नाही, म्हणून तर कागदावर काय चढतंय याला मी इतकी चिकटून असते.

आणि त्या कागदावर सही करणारी माणसं कोण नेमतं? डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये ना हरकत दिली. समुद्र तोच, पापलेटही तेच. मधल्या काळात खुर्चीतली माणसं बदलली.

आता खाडीचं सांगते, कारण माझं मत खरं तिथे ठरतं. मावशीचं घर दाभोळ खाडीच्या काठाला. रात्री कुणीतरी वरच्या बाजूला काहीतरी सोडतं आणि सकाळी पाण्यावर तवंग दिसतो, काठाच्या चिखलात बोय नि शेंगटी पोट वर करून पडलेली असतात. वास असा की चहा घशाखाली उतरत नाही. मग फोनाफोनी सुरू होते. नमुना घ्यायला प्रदूषण मंडळाचा माणूस येतो तो दुसऱ्या दिवशी दुपारी, कारण त्याच्याकडे ढीगभर गावं आणि गाडी एकच. तोवर भरती-ओहोटीने खाडीचं पाणी बदललेलं असतं. तो बिचारा बाटली भरतो, सील करतो, पंचनाम्यावर सह्या घेतो. त्या बाटलीत सापडणार काय, कपाळ!

इथे माणसं वाढवायची, नाल्याच्या तोंडावर मोजणारं यंत्र बसवायचं, की आहेत तीच पदं रिकामी ठेवायची, हे मंत्रालयात ठरतं. आणि पकडला गेला तर शिक्षा काय, हे दिल्लीत. पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दंड ठेवला, १० हजार ते १५ लाख. मोठ्या कारखानदाराला १५ लाख म्हणजे किरकोळ खर्च. लोकसभेत हे विधेयक मणिपूरच्या गदारोळात आवाजी मतदानाने पास झालं. मावशीच्या काठावर कुणाला पत्ताच नव्हता.

पश्चिम घाटाबाबत मात्र मी कुणाचीच वकिली करणार नाही. घाट कसा राखायचा हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, तेव्हाच्या काँग्रेस सरकारने तो दाबून धरला. पुढे कस्तुरीरंगन समिती बसली, आणि २०१४ पासून घाटातली कुठली गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात धरायची याचे मसुद्यांवर मसुदे निघताहेत. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडच्या दरडीनंतर दुसऱ्याच दिवशी. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. मसुदा निघाला की आमच्याकडचे पुढारी, मशालवाले धरून, आपापली गावं वगळा म्हणून निवेदनं घेऊन धावतात. मधल्या काळात माळीण झालं, तळीये झालं, इर्शाळवाडी झाली.

नोटा दाबा असंही काही जण सुचवतात. दाबा बापडे. पण नोटा सह्या करायला बसत नाही आणि पुढच्या निवडणुकीत आपल्या दारातही येत नाही. मशालवाले येतात. मागच्या वेळी आले तेव्हा मावशीने त्यांना अंगणातच उभं करून बारसूच्या पत्राबद्दल विचारलं होतं. त्यांनी जे उत्तर दिलं ते काही धड नव्हतं, पण कार्यकर्त्याचा चेहरा पडला होता, आणि खाडीचा नमुना घेणाऱ्यांचा फोन नंबर तिने त्याच्याकडूनच लिहून घेतला.

काका, आता बोला. पण "सगळे चोर" एवढंच लिहू नका. आपलं गाव त्या १७,३४० मध्ये येतं का, ते आधी बघून सांगा.