'वीस शेकांत गाठ जाते, बाकीचे बिलासाठी' हा मेसेज आमच्या घरापर्यंत पोचला म्हणून

गेल्या सोमवारी मामीचा फोन आला की मामा आता नाशिकला जायचं नाही म्हणतायत. मामांना घशाचा कॅन्सर आहे, रेडिएशनचे (किरणांचे) ३५ शेक सांगितलेत, त्यातले २० झालेत, आणि गुरुवार-शुक्रवार असे दोन दिवस ते गेलेच नव्हते आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं. का, तर भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. मी स्वतः दुसऱ्या शहरात रेडिएशन डिपार्टमेंटला फिजिसिस्ट आहे, रोज हेच डोसाचे हिशोब करते, आणि घरच्या माणसाला माझ्याआधी व्हॉट्सॲपला विचारावंसं वाटलं. तर हे चिडून लिहिलंय, तसंच वाचा.

मेसेज थोडक्यात असा. गाठ १५-२० शेकांतच विरघळते, पुढचे सगळे बिल वाढवायला. खरं तर एकाच दिवशी मोठा डोस देऊन काम भागतं, पण धंदा बुडेल म्हणून देत नाहीत. किती शेक द्यायचे ते ज्या सूत्रावर ठरतं ते झाडावरच्या प्रयोगातून आलंय, म्हणजे सगळं अंदाजपंचे. मध्ये चार-आठ दिवस गॅप घेतला तर शरीराला ताकद येते. आणि शेक चालू असलेल्या माणसाजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नका. खाली हात जोडलेले, आणि किमान दहा जणांना पाठवा.

आधी तो गाठ विरघळण्याचा मुद्दा, कारण मामा त्यावरच अडून बसले होते. हाताला लागत नाही म्हणजे गेली.

बोराएवढी गाठ धरा, एक घन सेंटिमीटर. तिच्यात ढोबळमानाने शंभर कोटी पेशी. २ ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) एक शेक दिला की त्यातल्या साधारण निम्म्या निकामी होतात, म्हणजे त्यांची पुन्हा विभागून वाढायची ताकद जाते. दुसऱ्या शेकाला काय होतं? उरलेल्यातल्या निम्म्या. तिसऱ्याला परत उरलेल्यातल्या निम्म्या. लोक चुकतात ते इथेच, त्यांना वाटतं ३५ शेक म्हणजे ३५ गोण्या, रोज एक उचलायची, वीस उचलल्या आता पंधराच राहिल्या, म्हणजे अर्ध्याच्या वर काम झालं. तसं नाहीये ते. प्रत्येक शेकात सारख्या संख्येने पेशी मरत नाहीत, सारख्या प्रमाणात मरतात.

आता मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. दहा शेकांनंतर शंभर कोटीच्या उरतात पावणेदहा लाखांच्या आसपास. एवढ्या पेशींची गाठ जेमतेम मिलिमीटरभर, ती हाताला काय, स्कॅनवरसुद्धा दिसणं मुश्किल. म्हणजे 'गाठ गेली' असं वाटायची वेळ अर्धी लढाई पण झालेली नसताना येऊ शकते. वीस शेकांनंतर उरतात साधारण ९५०. आणि एकेक पेशी पुन्हा वाढू शकणारी. वीस वेळा दुप्पट झाल्या की परत शंभर कोटी, हिशोब तोच, फक्त उलट दिशेने. मामा कांदेवाले आहेत, त्यांना मी म्हटलं हरळी वरून काढल्यावर वावर स्वच्छ दिसतं ना, मग पुढच्या पावसात कुठून येते? गप्प बसले.

पुढचा आकडा तर मलाही पहिल्यांदा कॉलेजात बघितला तेव्हा खोटा वाटला होता. तीस शेकांनंतर सरासरी ०.९३ पेशी उरतात. आता पाऊण पेशी, पाव पेशी असं काही नसतं, याचा अर्थ असा की अशाच शंभर गाठी घेतल्या तर त्यातल्या साधारण ३९ गाठींत एकही पेशी उरलेली नसेल आणि बाकीच्यांत एक, दोन किंवा जास्त असतील. पस्तीस शेकांनंतर ती सरासरी येते ०.०३ वर, आणि शंभरातल्या ९७ गाठी पूर्ण साफ. शेवटच्या पाच शेकांत ३९ चे ९७! आणि मेसेज म्हणतो तेच पाच बिलासाठी.

खऱ्या गाठी इतक्या शहाण्यासारख्या वागत नाहीत हे मान्य. कुठे २ ग्रेला निम्म्यापेक्षा जास्त मरतात, कुठे कमी, पेशंटागणिक फरक पडतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा चढ इतका उभा नसतो. पण विसाव्या शेकाला थांबलात तर हा हिशोब कसाही मांडा, उत्तर तुमच्या बाजूने येत नाही.

एका दिवसाचा डोस आणि 'झाडावरचं सूत्र' हे दोन्ही एकत्रच घेते. हो, झाडाचा भाग अर्धा खरा आहे. ली आणि कॅचसाइड या शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये ट्रॅडेस्कान्शियावर काम केलं होतं, आपल्याकडे बाल्कनीत कुंड्या लटकवतात त्याचंच भाऊबंद, आणि किरणांनी त्याची गुणसूत्रं कशी तुटतात त्याचं गणित मांडलं होतं. मेसेज लिहिणाऱ्याचं वाचन बहुतेक तिथेच संपलं. १९५६ मध्ये पक आणि मार्कस यांनी माणसाच्या कॅन्सरच्या पेशी, हेला पेशी, डिशमध्ये वाढवून त्यांच्यावर एक्स-रे सोडले आणि किती डोसाला किती वसाहती (जिवंत पेशीपासून वाढलेले पुंजके) उरतात त्याचा आलेख काढला. १९५९ मध्ये एल्काइंड आणि सटन यांनी हॅमस्टरच्या पेशींना तोच डोस दोन भागांत, मध्ये काही तास थांबून दिला, तर जास्त पेशी जगल्या. म्हणजे मधल्या वेळात पेशी दुरुस्ती करून घेतात.

सूत्र असं: जगणाऱ्या पेशी दोन कारणांनी कमी होतात. एक नुकसान डोसाच्या सरळ प्रमाणात, त्याला अल्फा म्हणतात. दुसरं डोसाच्या वर्गाच्या प्रमाणात, ते बीटा. डोस दुप्पट केला की पहिलं दुप्पट होतं, दुसरं चौपट. आणि गंमत ही की घशाच्या गाठीसारख्या भराभर वाढणाऱ्या पेशींत अल्फा भारी असतो, अल्फा-बीटाचं गुणोत्तर १० च्या आसपास धरतात, तर मज्जारज्जू, जबड्याचं हाड अशा भागांत जे त्रास महिन्या-वर्षांनी निघतात त्यांच्यासाठी ते ३ च्या आसपास. म्हणजे एका वेळचा डोस वाढवला की गाठीपेक्षा आपल्याच चांगल्या पेशींना मार जास्त बसतो, लहान लहान करून दिला की त्यांना सावरायला वेळ मिळतो.

मामांचे ३५ गुणिले २ म्हणजे ७० ग्रे. तेवढंच काम गाठीवर एका दिवसात करायचं तर सूत्राप्रमाणे साधारण २४ ग्रे लागतील. ऐकायला स्वस्त सौदा. पण तोच हिशोब ३ धरून चांगल्या पेशींसाठी केला तर त्यांना बसणारा मार सूत्राच्या मापात ११७ वरून २२० च्या पुढे जातो, जवळपास दुप्पट. एवढ्या मोठ्या डोसाला हे सूत्र थोडं लंगडतं, त्यावर वाद आहेत, मान्य. पण म्हणून आमच्या मामांच्या मानेवर ते तपासून बघायचं का?

बिलाबद्दल एवढंच. टाटात जवळजवळ फुकट होणाऱ्या पेशंटलाही आणि इंग्लंडात जिथे पेशंट शेकाचे पैसे देतच नाही तिथेही मामांसारख्या घशाच्या गाठीला सहसा ३० ते ३५ देतात. सरकारी हॉस्पिटलात मशीनसमोर रांग असते, दहा शेक कमी करता आले असते तर स्टाफने पेढे वाटले असते. आणि जिथे कमी करता येतात तिथे केलेत की. हे मला मनाविरुद्ध कबूल करावं लागतंय, कारण मेसेजवाले लगेच 'बघा' म्हणतील: हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्याला ८ ग्रेचा एकच शेक बऱ्याचदा पुरतो, आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी इंग्लंडातल्या फास्ट-फॉरवर्ड ट्रायलमध्ये ४०९६ पेशंट घेऊन १५ ऐवजी ५ शेक देऊन बघितले आणि ते चाललं, २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलला आलं. पण का चाललं? त्या गाठीचं अल्फा-बीटा कमी आहे, ३-४ च्या आसपास, त्याच झाडावाल्या सूत्राने ते सुचवलं आणि मग हजारो पेशंटवर तपासलं. घशाचं गणित वेगळं, ते स्तनावरून उचलून लावता येत नाही.

आता गॅप. हा सगळ्यात वाईट मुद्दा, कारण ऐकायला तो प्रेमळ वाटतो. शनिवार-रविवार सुट्टी देतातच ना, मग अजून चार दिवस आराम केला तर काय बिघडलं, असं मामीच म्हणाली. अगं ते शनिवार-रविवार सात आठवड्यांच्या प्लॅनमध्ये आधीच धरलेले असतात. १९८८ मध्ये विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या कॅन्सरचे आकडे एकत्र करून दाखवलं की उपचार सुरू झाल्यावर साधारण चार आठवड्यांनी उरलेल्या पेशी जोरात वाढायला लागतात, आणि त्यापुढचा प्रत्येक दिवस भरून काढायला दिवसाला ०.६ ग्रे जास्त लागतो. म्हणजे तीन दिवस घरी बसलात की जवळजवळ एक अख्खा शेक पाण्यात. मामा नेमके चौथ्या आठवड्याच्या शेवटी थांबले होते, जणू मुहूर्त काढून. आराम शरीराला मिळतोच, पण गाठीलाही मिळतो, आणि ती त्याचा उपयोग जास्त हुशारीने करते.

तिथल्या डॉक्टरांशी बोलले. एक शेक शनिवारी जादा आणि एका दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन, मध्ये किमान सहा तास सोडून, असं करून वेळापत्रक जागेवर आणतायत. आणि मामा परत तो डोकं हलू नये म्हणूनचा जाळीचा मास्क लावून मशीनखाली झोपले. कुरकुरत, पण झोपले.

राहिला लहान मुलांचा मुद्दा. मामांचा शेक बाहेरच्या मशीनचा आहे, मशीन बंद झालं की किरण बंद, अंगात काही उरत नाही, ट्यूबलाइट बंद केल्यावर भिंत उजळत राहत नाही तसं. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन पाजतात किंवा अंगात किरणोत्सर्गी सोर्स ठेवतात त्यांचे नियम वेगळे, ते त्यांना त्यांचे डॉक्टर सांगतात. नातीला आठ दिवस मामांपासून लांब ठेवलं होतं या बायकांनी! आता बसते मांडीवर. फक्त तिच्या हातात कुरकुरे असले की मामा तोंड फिरवतात, त्यांना सध्या पेजेशिवाय काही गिळता येत नाही.