‘घाटवाला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: दोन तासांचं डिफरन्शियल

जुन्या फोर व्हील जीपचं मागचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरचा संच, ओरडायला लागलं तर काय करावं, यावर मी मागे लिहिलं होतं. बेअरिंग गेलं असेल आणि दात शाबूत असतील तर दुरुस्ती करा. दात उडाले असतील तर क्राउन-पिनियनची, म्हणजे आतल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांची, जोडी बदला, एवढंच त्याचं सार. त्या लेखाखाली ‘घाटवाला’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया सगळ्यांना वाचता यावी म्हणून जशीच्या तशी देतो:

“साहेब, लेख वाचला. एवढं पुराण कशाला? भंगारातून अख्खं डिफरन्शियल आणायचं, दोन तासांत बसवायचं, गाडी रस्त्यावर. शिम, मार्किंग करणारा मिस्त्री तालुक्याच्या गावात मिळतो का? मजुरी किती, गाडी किती दिवस उभी, काहीच लिहिलेलं नाही. फोटोत काही दिसत नाही. हातात पाना न धरता व्हिडिओ बघून लिहिणाऱ्यांनी गरीब जीपवाल्यांना खर्चात पाडू नये.”

आधी फोटो. फोटो काळोखा आला आहे, मान्य. शेडमध्ये दिवेलागणीला मोबाइलवर काढला होता, बदलून टाकतो. रास्त सूचना मी कधी टाळत नाही, जुन्या वाचकांना हे ठाऊक आहे.

पण सांगण्याची काही रीत असते की नाही? त्या ‘साहेब’मागचा खवचटपणा न कळण्याइतका मी भोळा नाही. ‘फोटो नीट दिसत नाही, बदलता का’ असं लिहिलं असतं तरी काम झालं असतं. आणि हातात पाना धरला की नाही, हे टोपणनावाआडून विचारणाऱ्याने निदान स्वतःचं नाव तरी सांगावं.

माझे वडील एसटीच्या दापोडी वर्कशॉपात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी ते ओळखीच्या गॅरेजात जीपची कामं करायचे आणि शेंदूर कालवायचं काम माझ्याकडे असायचं. हो, शेंदूर, मारुतीला लावतात तोच. आज मार्किंगची, म्हणजे दात दाताला कुठे लागतो त्याचा ठसा बघायची, पेस्ट ट्यूबमध्ये मिळते, तेव्हा आमच्याकडे हाच होता. तेलात दाटसर कालवायचा आणि क्राउनच्या चार-पाच दातांना पातळ फासायचा. मग मी लाकडाचा ठोकळा क्राउनला दाबून धरायचो, म्हणजे दातांवर भार येतो, आणि वडील पिनियनचा फ्लँज सावकाश फिरवायचे. एका दिशेने, मग उलट. नंतर टॉर्च मारून बघायचं. जिथला शेंदूर पुसला गेला तिथे दात दाताला लागतोय. ठसा दाताच्या मधोमध हवा. शेंड्याकडे सरकला असेल तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, शिम (पिनियन पुढे-मागे सरकवणारी पातळ चकती) वाढवा. बुडाशी गेला असेल तर पिनियन फार आत घुसलंय, शिम कमी करा. आमच्या जीपच्या एक्सलला ही शिम पिनियनच्या आतल्या बेअरिंगच्या रेसमागे (बाहेरच्या कड्यामागे) असते. म्हणजे दर वेळी रेस ठोकून बाहेर काढा, शिम बदला, रेस परत बसवा, पिनियन परत घाला, परत शेंदूर. वडील चिडत नसत. मी चिडायचो. हे मी कुठल्या व्हिडिओत पाहिलं ते घाटवाल्यांनी सांगावं.

आता ते ‘दोन तासांत’. याच एका वाक्यावर सविस्तर लिहितो, कारण हे वाचून उद्या कुणीतरी खरंच भंगारवाल्याकडे जाईल.

‘अख्खं डिफरन्शियल’ म्हणजे नेमकं काय? दोनच अर्थ निघतात. एक म्हणजे हाउसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) आपलंच ठेवायचं आणि आतला क्राउन, पिनियन आणि क्राउन ज्यावर बसतो ती केस भंगारातली घालायची. जीपचं हाउसिंग मागून झाकणाचं. झाकण खोललं की क्राउन समोर दिसतो आणि लोकांना वाटतं, झालं काम. पण पिनियन किती आत बसावं हे ठरवणाऱ्या शिम त्या-त्या हाउसिंगच्या मापाने घातलेल्या असतात. दुसऱ्या हाउसिंगमधून काढलेली जोडी तुमच्या हाउसिंगमध्ये तुमच्याच शिमवर घातली तर ठसा बरोबर येईलच याची हमी कोण देणार? क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, म्हणून दोघांवर जोडीचा सारखा नंबर असतो. भंगारात क्राउन एकीचा आणि पिनियन दुसरीचं, अशीही लग्नं लावलेली असतात. दुसऱ्याची कवळी आपल्या तोंडात बसते का?

शिवाय बॅकलॅश. पिनियन धरून ठेवलं तर क्राउन किती हलतो, ते डायल गेजने मोजायचं. डाना 44 जातीच्या एक्सलला 5 ते 9 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हवा, म्हणजे 0.13 ते 0.23 मिलिमीटर. हे हाताला कळत नाही. ‘थोडा प्ले आहे, चालेल’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला थोडा म्हणजे किती ते विचारून बघा.

घाटवाल्यांची गाडी जिप्सी असेल तर गोष्ट वेगळी. जिप्सीचं डिफरन्शियल हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे शाफ्ट) ओढून आणि प्रोपेलर (इंजिनाकडून फिरकी आणणारा लांब शाफ्ट) सोडून पुढच्या बाजूने, क्राउन-पिनियन बसलेल्या कवचासकट बाहेर निघतं. सेटिंग त्याच्यासोबतच येतं, त्यामुळे एक काढून दुसरं लावणं जमतं. पण माझा लेख जिप्सीवर नव्हता. शीर्षकातच जीप आहे. शीर्षक वाचायला दोन तास लागत नाहीत.

दुसरा अर्थ, हाउसिंगसकट अख्खा मागचा एक्सल आणायचा. हे करता येतं. मीही ‘दात उडाले आणि जोडी मिळालीच नाही तर’ असं म्हणून शेवटच्या परिच्छेदात हेच लिहिलंय. घाटवाले तिथपर्यंत पोहोचले नसावेत. पण यू-बोल्ट, ब्रेकचा पाइप, परत एअर काढणं, हँडब्रेक तपासणं, हे धरून दोन तास? गंजलेला यू-बोल्ट त्यांनी कधी खोलला असेल तर त्यांनाच माहीत.

आणि वेळेचं सोडा, खरी गोम रेशोची आहे, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर किती फेरे घेतो त्याची. टू व्हील गाडीला मागे दुसऱ्या रेशोचा एक्सल लावला तर काय होईल? गाडी जोरात पळेल किंवा रडेल, स्पीडोमीटर खोटं बोलेल, बस. फोर व्हीलला तसं चालत नाही. पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल एकाच ट्रान्स्फर केसवरून (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवरून) फिरतात, मध्ये फरक सोसणारं काहीच नसतं. विलीज एमबी या लष्करी जीपचा रेशो 4.88, म्हणजे पिनियनला 8 दात आणि क्राउनला 39. नंतरच्या सीजे-3बी जीपचा 5.38, पिनियन तेवढंच 8 दातांचं, क्राउन 43 चा. आता समजा पुढे एक आणि मागे दुसरा आला. प्रोपेलरचे 100 फेरे झाले की एका एक्सलची चाकं साडेवीस फेरे फिरतील आणि दुसऱ्याची साधारण 18.6. जमीन दोघांनाही एकच. हा जवळजवळ दोन फेऱ्यांचा फरक कुठे जाणार? चिखलात चाक घसरून तो जिरतो. कोरड्या, कडक जमिनीवर प्रोपेलरमध्ये, त्याच्या क्रॉसमध्ये (सांध्यात), ट्रान्स्फर केसच्या गिअरमध्ये पीळ भरतो, फोर व्हीलचा दांडा बाहेर निघता निघत नाही आणि शेवटी जे कच्चं असेल ते तुटतं. म्हणजे मागचं डिफरन्शियल वाचवायला गेलात आणि पुढचं घालवून बसलात.

यातली गंमत अशी, की टू व्हीलमध्ये चालवताना यातलं काहीच कळत नाही. भंगारातला एक्सल लावून महिनोन्‌महिने गाडी झकास पळेल. मग पावसाळ्यात एखाद्या आडवाटेच्या चढावर दांडा ओढाल तेव्हा काय ते समजेल. दात मोजायचे तर झाकण खोलावं लागतं, आणि भंगारवाला ते खोलून देत नाही. ‘जीपचंच आहे, डोळे झाकून घेऊन जा’, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

झाकण खोललंच, तर तेलाकडे बघा. तेल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. नदी-ओढ्यात तापलेला एक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (एक्सलला हवा जाण्या-येण्याची वाट) मातीने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. मग गाडी उभी राहते, बेअरिंगचे रोलर गंजतात, आणि एक दिवस ती भंगारात जाते. तिथून तुम्ही एक्सल आणता. आपलं गेलेलं बेअरिंग काढून दुसऱ्याचं गेलेलं बेअरिंग बसवायचं, याला काटकसर म्हणायची का? गरिबांचा कैवार घ्यायचा तर नीट घ्यावा. पिनियनची दोन बेअरिंगं, एक सील आणि ईपी 90 ऑइल, मूळ शिम जागच्या जागी. दात शाबूत असतील तर एवढ्यात भागतं, आणि आपल्या गाडीत काय घातलंय ते आपल्याला माहीत असतं.

मिस्त्री मिळतो का, मजुरी किती, गाडी किती दिवस उभी, हे प्रश्न राहिले. ते गावोगाव वेगळे असतात, लेखाचा तो विषय नव्हता. ज्याला चांगला मिस्त्री हवा असतो त्याला तो शोधून सापडतो. माझ्या वडिलांकडे लोक लांबून गाड्या ओढून आणायचे.

तरीही भंगारातूनच आणायचं ठरलं असेल, तर आधी आपल्या गाडीचा पुढचा आणि मागचा रेशो मोजा. झाकण खोलावं लागत नाही. गिअर न्यूट्रल, फोर व्हीलचा दांडा बाहेर, मागचं एकच चाक जॅकवर. ते चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि प्रोपेलर किती फिरला ते खडूच्या खुणेवरून मोजायचं. पाच आणि वर थोडं आलं की 5.38, पाचला किंचित कमी पडलं की 4.88. पुढेही तसंच. मात्र सीजे-3बीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे असतो, म्हणून प्रोपेलर फिरवायला तो सोडावाच लागतो. ओढलेला असला तरी मागचं एक चाक हवेत असताना तो गाडी धरत नाही, टेकलेलं चाक डिफरन्शियलमुळे खुशाल गरंगळतं. म्हणून जमिनीवरच्या तिन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, आणि मगच गाडीखाली डोकं घाला. भंगारातल्या एक्सलला दोन्ही हब (चाकं बसतात ते भाग) मोकळे असतात, तेव्हा एक हब कुणाला तरी धरून ठेवायला सांगा, दुसरा दोन फेरे फिरवा आणि पिनियनचे फेरे मोजा.

घाटवाले, तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही, राहू द्या तिथेच. पुढची लिहाल तेव्हा हे दोन्ही आकडे मोजून त्यात टाका. पुढचा एक, मागचा एक. मग आपण बोलू.