सोबत बाईमाणूस कोण हाय?

माझ्या मुलीला जन्मल्यावर सगळ्यांत आधी मांडीवर घेतलं ते खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या एका अनोळखी म्हातारीने. मी, म्हणजे बाप, तिथून हातभर अंतरावर आधारकार्डाच्या झेरॉक्स धरून उभा होतो. बारसं तोंडावर आलंय, पण राग काही उतरत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको सासुरवाडीच्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात. मे महिना, पारा 45 च्या पुढे. सासूबाई जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे आणायला गावात गेल्या आणि नेमकं तेव्हाच सिस्टरने बायकोला आत घेतलं.

आमच्या विदर्भात जवाई ही काय चीज आहे हे बाहेरच्यांना कळायचं नाही. सासुरवाडीच्या पारावर मी दिसलो की लोक तोंडातला खर्रा थुंकून उठतात. पोरं ‘जवाई आले, जवाई आले’ करत पुढे पळतात. चहात इतकी साखर पडते की चमचा उभा राहावा. हा सगळा थाट दवाखान्याच्या पायरीवर चपलांसोबत काढून ठेवावा लागतो. 2016 साली केंद्र सरकारने ठरवलं की प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबतीला आत राहू द्यावी, आणि आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही मुभा असावी. इथे आडोशाची सोय नव्हती. एक हिरवा पडदा होता, पण तो साहेबांच्या खिडकीला लावलेला होता. सह्या मात्र माझ्या. झेरॉक्स माझ्या. झेरॉक्सवाला स्टँडवर आणि लाइन गेलेली, हेही माझंच.

व्हरांड्यात एकच पंखा फिरत होता. त्याच्या बरोबर खाली ही म्हातारी पाय पसरून बसली होती. ओपीडी केव्हाच आटोपली होती, पण घरी असा पंखा नसावा.

‘‘कोन्या गावचे?’’

सांगितलं.

‘‘कितवं?’’

‘‘पहिलं.’’

‘‘मंग तुमी काऊन घामेजले एवढे? मोकळी ते होऊन राह्यली, कण्हून तुमी राह्यले!’’

मी कण्हत नव्हतो. पंख्याचा आवाज होता तो.

‘‘माहा तिसरा पोट्टा पऱ्हाटीत झाला,’’ ती सांगू लागली. ‘‘वेचनी चालू होती. संग दोन बाया होत्या. इळ्यानं नाळ कापली, झालं. मालक सांजी बैल सोडून आले, तवा त्याइले समजलं.’’

‘‘मग काय म्हणाले?’’

‘‘म्हने, च्या मांड.’’

‘‘आणि तुम्ही मांडला?’’

‘‘मांडला ना. साखर नव्हती घरात, म्हून वरून रागावले.’’

त्या गृहस्थाचा मला संतापही आला आणि हेवाही वाटला. त्याच्याकडे कुणी झेरॉक्स मागितली नव्हती.

तेवढ्यात दार उघडलं. सिस्टरच्या हातात गुंडाळी. ‘‘सोबत बाईमाणूस कोण हाय?’’

‘‘मी,’’ मी म्हणालो. ‘‘बाप.’’

सिस्टरने माझ्या मागे पाहिलं. मागे भिंत होती. ‘‘तुमी नाई. बाईमाणूस.’’

‘‘मी हावो ना, आजी!’’ म्हणत म्हातारीने हात पसरले. खोटं बोलली असंही म्हणता येत नाही, कुणाची तरी आजी ती असणारच. सिस्टरने तिची आधारकार्डाची झेरॉक्स मागितली का? नाही. गुंडाळी मांडीवर गेली, दार बंद.

‘‘पोट्टी हाय,’’ म्हातारीने जाहीर केलं. ‘‘नाक बापावर गेलं. जाऊ द्या, वाढता वाढता बदलते.’’

‘‘मले द्या,’’ मी म्हणालो. एरवी मी प्रमाण मराठी बोलतो, पण त्या वेळी जीभही सासुरवाडीची झाली.

‘‘थांबा जवाईबापू, मान धराले येत नाई तुमाले.’’

मी वाकून पाहत होतो, तोच आतून मावशी आल्या आणि माझ्यापुढे हात करून उभ्या राहिल्या. ‘‘खुशी द्या.’’ त्यांच्या डोक्यावर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाची पाटी होती. 2011 पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती फुकट, सिझर फुकट, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडणारी गाडी, सगळं फुकट. खुशीचं त्यात काही लिहिलेलं नाही.

‘‘किती?’’

‘‘पोरगा असता तं पाचशे. पोरगी हाय, तीनशे द्या.’’

माझी मुलगी अजून नीट डोळे उघडून बघत नव्हती, आणि तिच्यावर सूट जाहीर झाली होती. मी काही बोलायच्या आधी म्हातारी मध्ये पडली. ‘‘तीनशे कायचे व? पोरगीच तं हाय! शंभरात होऊन जाऊ दे.’’ मग दोघींत घासाघीस सुरू झाली. माझ्यासाठी. माझ्या पोरीच्या अंगावरून. दीडशेवर तुटायला आलं तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी पाचशेची नोट काढून दिली.

मावशींनी नोट उजेडात धरून पाहिली. म्हातारी सिस्टरच्या दाराकडे तोंड करून म्हणाली, ‘‘जवाई येडा हाय वाट्टे.’’

लाच द्यायची आणि तीही चढ्या भावाने, यात अभिमानासारखं काही नाही हे मला कळतं. पण हे हसण्यावारी नेणाऱ्यांनी हिशोब करावा. जननी सुरक्षा योजनेत आपल्या महाराष्ट्रात दवाखान्यात बाळंत होणाऱ्या खेड्यातल्या बाईला 700 रुपये मिळतात, तेही ती दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर. त्यातले पाचशे व्हरांड्यातच गेले तर तिने उरलेल्या दोनशेत काय करायचं? आणि वरच्या साहेबांना हे माहीत नाही असं कुणी सांगू नये. त्यांची खिडकी त्याच व्हरांड्यात उघडते. पडदा असला म्हणून काय झालं, ऐकू तर येतं.

सासूबाई आल्या. मला वाटलं, आता तरी म्हातारीला जाब विचारतील. तर दोघी एकाच आठवडी बाजारातल्या निघाल्या. ‘‘वेळेवर धावून आल्या बाप्पा तुमी!’’ म्हणून सासूबाईंनी तिला लुगडं कबूल केलं. पैसे अर्थात माझ्याकडून. मुलगी माझ्या हाती आली ती सासूबाई, मेहुणी आणि शेजारची काकू या सगळ्यांनी नाकाची पाहणी केल्यावर.

बारसं येत्या रविवारी आहे. म्हातारीला आवतण गेलंय, पाळण्याची पहिली दोरी तिच्याच हाती द्यायची असं बायकांचं ठरलंय. मला मंडपवाल्याकडून सतरंज्या मोजून घ्यायचं काम आहे, आणि त्याने आधारकार्डाची झेरॉक्स मागितलीय.