जीपीकडे केअरर म्हणून नाव लावलं की सासूबाईंना उचलून नेतात म्हणे!

इंग्लंडातल्या आमच्या मराठी ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, "घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं करत असाल तर जीपीकडे केअरर म्हणून नाव अजिबात देऊ नका", खाली चार कारणं आणि त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. स्ट्रोकनंतर सासूबाईंचं मी चार वर्षं करतेय आणि माझं नाव सर्जरीत लागलेलं आहे (भारतातल्यांसाठी: जीपी म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, केअरर म्हणजे घरच्या आजारी-म्हाताऱ्या माणसाचं करणारा, आणि सर्जरी म्हणजे जीपीचा साधा दवाखाना, ऑपरेशन नाही), म्हणून एकेक घेते.

"सोशल सर्व्हिसेसवाले येतात आणि केअर होममध्ये (वृद्धाश्रमात) टाकतात." अहो, नाव लावलं की तुमच्या स्वतःच्या रेकॉर्डवर एक नोंद पडते, ही बाई कुणाचं तरी करते, बस्स. कौन्सिलचं (म्हणजे इथली नगरपालिका, सोशल सर्व्हिसेस त्यांच्याकडेच) केअरर्स असेसमेंट, म्हणजे करणाऱ्याची विचारपूस, वेगळं, केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे तो तुमचा हक्क आहे, फुकट आहे, नको असेल तर नाही म्हणता येतं, आणि त्यात विचारतात काय तर तुम्हाला झोप मिळते का, नोकरी जमतेय का. चार वर्षांत घरातल्या एकानंही मला हे विचारलं नव्हतं, असो. होममध्ये ठेवायला त्या माणसाची संमती लागते, त्याला ठरवता येत नसेल तर मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ प्रमाणे त्याचं हित बघून ठरवावं लागतं. आबाळ-मारहाण असेल तर चौकशी होणारच, पण ती नाव न लावताही होते.

"व्हिसाला धक्का लागतो, नंतर पैसे परत मागतात." इथं दोन गोष्टींची खिचडी झालीय. केअरर्स अलाउन्स (करणाऱ्याला मिळणारा सरकारी भत्ता) हा पब्लिक फंडात, म्हणजे सरकारी मदतीत धरतात हे खरंय, त्यामुळे ज्यांच्या व्हिसावर 'नो रिकोर्स' (अशी मदत घ्यायची नाही ही अट) आहे त्यांनी नीट सल्ला घेतल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. पण तो जीपी देतच नाही! त्याचा अर्ज डीडब्ल्यूपीकडे (भत्ते देणारं सरकारी खातं), आठवड्याला निदान ३५ तास करावं लागतं, पेशंटला अटेंडन्स अलाउन्ससारखं (आजारी म्हाताऱ्यांचा भत्ता) काहीतरी चालू असावं लागतं, आणि एप्रिल २०२५ ला रक्कम झाली आठवड्याला ८३.३० पौंड. टॅक्स वगैरे जाऊन कमाई ठरलेल्या मर्यादेच्या (२०२५-२६ साली आठवड्याला १९६ पौंड) वर गेली की अख्खा अलाउन्स बंद, आणि ते न कळवल्यामुळे खूप लोकांना पैसे परत भरावे लागलेत, बहुतेक फॉरवर्डवाल्यानं तेच कुठंतरी ऐकलं असणार. जीपीकडची नोंद म्हणजे बेनिफिट नव्हे, आणि एनएचएसचे (सरकारी आरोग्यसेवेचे) उपचार पब्लिक फंडात मोडत नाहीत.

"एकदा नाव लागलं की कायद्याने जबाबदारी तुमचीच." हे भारतातल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यावरून डोक्यात बसलं असावं. इथं सज्ञान मुलांवर आईवडिलांना सांभाळायचं तसं कायद्याचं बंधन नाही, सुनेवर तर नाहीच. उलट असेसमेंटमध्ये कौन्सिलला बघावंच लागतं की तुमची तयारी आहे का आणि तुम्हाला झेपतंय का.

"फायदा शून्य." आता हे बघा. नाव लागायच्या आधी मी सासूबाईंच्या ब्लड रिपोर्टसाठी फोन केला की रिसेप्शनवरची मुलगी म्हणायची पेशंटशीच बोलते, आणि पेशंटला स्ट्रोकनंतर इंग्लिश एक शब्द फुटत नाही. मग केअररच्या फॉर्मबरोबर संमतीचा फॉर्म आला, सासूबाईंनी डाव्या हातानं मराठीत सही ठोकली, आता रिपोर्ट, गोळ्या, अपॉइंटमेंट सगळं माझ्याशी बोलतात. (नुसतं केअरर म्हणून नाव लावून हे होत नाही हं, संमती वेगळी मागून घ्या.) इंटरप्रिटर फुकट मिळतो, तोही मागा. मुख्य करणारी व्यक्ती म्हणून फ्लूची लस मला फुकट मिळते. सर्जरीत लिंक वर्कर (लोकांना जवळपासची मदत शोधून देणारा माणूस) असेल तर जवळच्या केअरर्स सेंटरशी गाठ घालून देतो. प्रिस्क्रिप्शन मात्र केअरर म्हणून फुकट होत नाही, आणि सर्जरीवाले स्वतःहून विचारतीलच असं नाही, मला तीन वर्षं कुणी विचारलं नव्हतं, भिंतीवरचं पोस्टर वाचून मीच फॉर्म मागितला. पोस्टरपण औषधाच्या रांगेत कंटाळा आला म्हणून वाचलेलं.