जगात जर्मनी, स्लोला परभणी

जुनी गाडी बघायला आलेला माणूस ॲव्हरेज विचारतो, पिकअप विचारतो, टायर दाबून बघतो, आरसी बुक उन्हाला धरून वाचतो. 'स्लोला थांबते का?', म्हणजे रेस सोडली तरी उभ्या जागी चालू राहते का, हे मात्र कुणी विचारत नाही. गाडी घ्यायची ती पळवायला. न पळताही तिनं चालू राहिलं पाहिजे, हे पहिल्या रेल्वे गेटला ती बंद पडेपर्यंत कुणाच्या डोक्यात येत नाही.

माझी मोटरसायकल, यामाहाची आरएक्स १००, स्लोला छान थांबायची. ही गाडी भारतात आली १९८५ साली आणि बंद झाली १९९६ ला; माझी मधल्या काळातली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, जिंतूर रोडवरच्या शाळेत मला वर्षानुवर्षं पहिल्या घंटेच्या आत पोचवणारी. मग पॉलिटेक्निकला शिकणारा भाचा दिवाळीच्या सुट्टीत आला आणि म्हणाला, "मामा, गाडी द्या, थोडं काम करून आणतो." भाच्याला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. गाडी परत आली तेव्हा सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे मिश्रण आत आणि धूर बाहेर जायची भोकं, कापून मोठे केलेले, सायलेन्सरच्या जागी मधेच पोट सुटलेला एक्सपान्शन चेंबर, आणि पेट्रोलात हवा मिसळणारा मूळचा २० मिलिमीटरचा कार्बोरेटर जाऊन तिथं २८ चा बसलेला.

"आता बघा मामा, कशी पळते!"

पळते, त्यात खोट नाही. पण रेस सोडली की भुर्रर्र, फट्, फट्, फ... आणि संपलं. पुन्हा किक.

यावर उपाय एकच, उजवा हात रेसवरून काढायचाच नाही. म्हणजे चौकात थांबलो की घूंऽऽ घूंऽऽ करत राहायचं. पालक समोरून नमस्कार करतात, त्यांना डाव्या हातानं अर्धा नमस्कार. केळीवाल्याला पैसे डाव्या हातानं, तेवढ्यात क्लच सुटला की पुन्हा किक. निवृत्तीला टेकलेला गुरुजी मुलींच्या कॉलेजसमोरच्या सिग्नलला गाडी रेस करतोय, हे दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांना मी पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली स्लोचं पेट्रोल सोडणारी बारीक पितळी नळी, समजावून सांगू शकलो नाही.

परभणीत कार्बोरेटरचे जाणकार किती आहेत हे गाडी बंद पडल्याशिवाय कळत नाही. चहावाल्याच्या गल्ल्यात स्क्रू-ड्रायव्हर असतो. पानवाल्याकडे तर असतोच. विचारायची गरज नाही, माणूस वाकतो आणि फिरवायला लागतो. आता कार्बोरेटरवर फिरवण्यासारखे स्क्रू दोन. मोठा स्प्रिंगवाला, तो आतली स्लाइड उचलून धरतो, म्हणजे नुसती रेस वाढवतो. दुसरा बारीक, पितळी, तो मिश्रणाचा. खरी गोम या दुसऱ्याची आहे. तो एअरफिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा. बाहेर काढला की हवा वाढते, आत घेतला की पेट्रोल वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आणि सगळा हिशोब उलटा. माझा हवेचा. सल्ला देणारे निम्मे लोक दुसऱ्या जातीच्या कार्बोरेटरवर शिकलेले. सल्ला बिनचूक, गाडी फक्त दुसऱ्याची. त्या बिचाऱ्या पितळी स्क्रूची खाच इतक्या हातांनी झिजली की स्क्रू-ड्रायव्हर आता त्यात अडकायचा नाही, नुसता घसरायचा.

एका शेजाऱ्यानं तर पायलट जेटमध्ये टाचणी घातली. तो सोन्यासारखा पिवळा तुकडा करंगळीच्या पेरापेक्षा लहान; उन्हाला धरला तर आरपार एक उजेडाचा ठिपका दिसतो, बस. स्लोला गाडीला लागणारं सगळं पेट्रोल त्या ठिपक्यातून जातं. त्यात टाचणी घातली की ठिपक्याचं माप बदलतं, मग त्यावरचा आकडा वाचून उपयोग नाही. शेजारी मात्र समाधानानं म्हणाला, "कचरा निघाला बघा गुरुजी." निघाला तो पितळेचा कीस होता.

शेवटी वसमत रोडला लिंबाखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. भाचा सोबत, कारण इंजिनात काय केलंय हे त्यालाच माहीत. मिस्त्रीनं गाडीला हातही लावला नाही.

"आधी वसमतच्या दिशेनं पाच-सात किलोमीटर फिरवून आणा. थंड्या गाडीची स्लो सेट करायची म्हंजे उपाशी पोराची परीक्षा घ्यायची."

गरम करून आणली. त्यानं रेस सोडली आणि कान दिला. आवाज लगेच खाली येईना. वरच लोंबकळला, मग एकदम पडला. "हवा घ्यायली," मिस्त्री म्हणाला. त्यानं क्लीनरचा स्प्रे कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या रबरावर मारला. आवाज चटकन बदलला. रबराला खालून, दिसणार नाही अशा जागी, केसाएवढी चीर. इतके दिवस सगळे वरून स्क्रू पिळत होते आणि गाडी खालून चोरून श्वास घेत होती.

भाच्यानं लगेच इथेनॉलचा विषय काढला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुनी सेटिंग कोरडी पडते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. ते होतं कुठून, तर उसातूनही. आमच्याकडे उन्हाळ्यात गावाला पाणी टँकरनं, आणि शिवारात ऊस उभा. तो ऊस फडातून कारखान्यात, कारखान्यातून टाकीत, आणि टाकीतून माझ्या कार्बोरेटरचं रबर खायला. हा विषय मला वाढवता येईल, पण निवडणुकीची ड्युटी आम्हालाच असते.

नवं रबर बसलं. तरी गाडीचं फट्-फट् जाईना. तेव्हा भाच्यानं मोबाइल काढला.

"मामा, हे चालायचंच. हे बघा, माझदा आरएक्स-७. दोन्ही आरएक्सच." व्हिडिओतली लाल गाडी जागच्या जागी ब्रॅप-ब्रॅप-ब्रॅप करत थरथरत होती. त्याचं म्हणणं असं की यात पिस्टन नसतोच, तीन कोनांचा रोटर गरगर फिरतो. फेलिक्स व्हांकेल नावाच्या जर्मन माणसाची ही कल्पना. एनएसयू कंपनीत ते इंजिन १९५७ मध्ये पहिल्यांदा चाललं, मग जपानच्या माझदानं परवाना घेतला आणि १९६७ साली कॉस्मो काढली. या इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे वर-खाली होणारे व्हॉल्व्ह नाहीत, आपल्या टू-स्ट्रोकलाही नाहीत. दोन्हीकडे नुसती भोकं. ती कापून मोठी केली की आत यायचा आणि बाहेर जायचा रस्ता जास्त वेळ एकदमच उघडा राहतो. जोरात पळताना त्याचा फायदा. हळू चालताना मात्र जळका धूर आतच रेंगाळतो, नवं मिश्रण पातळ होतं, एक ठिणगी वाया जाते आणि दुसरी पेटते. म्हणून ब्रॅप-ब्रॅप. "लोक मुद्दाम पैसे देऊन हा आवाज करून घेतात, मामा."

मिस्त्रीनं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. "जर्मनीचं हाय म्हणतो? मंग त्याची स्लो कोण सेट करतंय?"

जगात जर्मनी, भारतात परभणी हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. दोघांची दुखणी एक असतील असं मात्र वाटलं नव्हतं.

मिस्त्री कामाला लागला. तोंडातली सुपारी थुंकून म्हणाला, "बनी तो बनी, नहीं तो परभणी," आणि आधी मोठा स्क्रू पिळून रेस चढवून ठेवली. मग पितळी स्क्रू आत पूर्ण बसवला, दीड फेरा बाहेर काढला आणि तिथून पाव पाव फेरा, डोळे मिटून. आवाज चढला की थांब, पडला की मागे. तेवढ्यात कुठल्यातरी क्लासची जाहिरात करणारा ऑटो भोंगा लावून आला आणि समोरच उभा राहिला. दहावीत शंभर टक्के निकालाची हमी ऐकत आम्ही तिघं गप्प. ऑटो गेला, पुन्हा पहिल्यापासून.

आवाज सगळ्यात वर चढला तेव्हा स्क्रू जेमतेम अर्धा फेरा बाहेर. "जेट लहान पडायलाय. इतका आत जाऊन पेट्रोल मागायलाय." टाचणीवाला जेट फेकून एक आकडा मोठा, नवा घातला. आता स्क्रू दीड फेऱ्याच्या आसपास रमला. मग मोठा स्क्रू सैल करत करत रेस खाली आणली, आणि एका जागी हात काढून घेतला. गाडी थांबली नाही. लंगडत, खोकत, पण चालू.

"अजून थोडी खाली येईल का?" मी.

"नाही गुरुजी. पोर्ट कापलेत, ते परत भरून येत नसतेत. स्लो जरा वरच ठेवावी लागंल. पेट्रोल जास्त खाईल." हे तो भाच्याकडे बघून म्हणाला. पैसे मात्र माझ्याकडे बघून घेतले.

परत येताना मुद्दाम भाजीमंडईजवळ थांबलो. गाडी स्टँडला लावली, दोन्ही हात सोडले. चालू! चावी तशीच ठेवून, कानावर तो फट्-फट् आवाज ठेवून, दोन्ही हातांनी मेथी निवडली. किती दिवसांनी दोन्ही हातांनी निवडली म्हणून जुडी जरा जास्तच निवडली. पैसे देऊन वळलो तर आवाज नाही. गाडीपाशी शाळेतला शिपाई हसतमुखानं उभा.

"गुरुजी, चालूच सोडून गेलात! फुकट पेट्रोल जळायलंय म्हणून बंद केली. ही घ्या चावी."