‘उच्चाराचं स्तोम’ म्हणणाऱ्या वाचकांस

गणपती अथर्वशीर्षाच्या सहस्रावर्तनावर (सगळ्यांची मिळून हजारावर आवर्तनं) मी ‘अशुद्ध पठण थांबवा’ असा लेख लिहिला, त्याखाली वाशीच्या एका वाचकांनी लिहिलंय: ‘पंडितजी, देव भावाचा भुकेला आहे. उच्चाराचं स्तोम माजवून साध्या भक्तांना भीती का घालता?’ पुढे अर्थ न कळता म्हणण्यावर, बायकांच्या पठणावर आणि मोबाइलवर लावून ऐकण्यावरही चार वाक्यं आहेत.

‘पंडितजी’ कशाला? मी पौरोहित्य करत नाही, दक्षिणा घेत नाही. पटलं नसेल तर सरळ लिहा. टोमणा मारून खाली हात जोडल्याची चिन्हं टाकायची, ही कुठली रीत? ‘अशुद्ध पठण थांबवा’ हे शीर्षक जरा तिखट होतं, मान्य. ते सौम्य करतो. मजकुराला हात लावणार नाही.

आता तो भाव. घरात देवापुढे एकटे बसलात तर तुमचं तुम्ही आणि देव बघून घ्या. मी लिहिलं ते सोसायटीच्या हॉलमधल्या समूहपठणाबद्दल. तिथे ४८ जण प्रत्येकी २१ आवर्तनं करतात, म्हणून १००८ भरतात. शांतिमंत्र आरंभी एकदा, फलश्रुती शेवटी एकदा, मध्ये फक्त ‘ॐ नमस्ते गणपतये’ ते ‘वरदमूर्तये नमः’. संथ लयीत एका आवर्तनाला साधारण साडेतीन मिनिटं, म्हणजे बैठक सव्वा तासाची. एवढा वेळ ४८ आवाज नुसत्या भावावर एकत्र राहतात, असं तुम्हाला वाटतं? नौपाड्यातली पठणं चालवत माझे केस पिकले, मला तसं दिसलेलं नाही.

‘व्रातपतये’चं ‘व्रतपतये’ केलं की एक मात्रा गळते आणि अर्धा हॉल तेवढाच पुढे सरकतो. दिशांच्या ओळींची चाल एकसारखी, त्यामुळे ‘अवोत्तरात्तात्’ आणि ‘अव दक्षिणात्तात्’ यांची अदलाबदल होते आणि तिथे हमखास दोन तट पडतात. सगळ्यात अवघड जागा ‘त्वं ब्रह्मा त्वं विष्णुस्त्वं’ची. लोक अख्खी ओळ एका दमात मारायला जातात, ‘सूर्यस्त्वं’पाशी दम संपतो, मग ‘चन्द्रमास्त्वं’ गिळून थेट ‘ब्रह्मभूर्भुवःस्वरोम्’. श्वास ‘विष्णुस्त्वं’, ‘अग्निस्त्वं’ आणि ‘चन्द्रमास्त्वं’ यांच्यानंतर घ्यायचा, हे सगळ्यांनी आधीच ठरवलं की ओळ तुटत नाही. माइक एकच, तोही लय धरणाऱ्याकडे. दोन माइक म्हणजे दोन लयी, आणि दहाव्या-बाराव्या आवर्तनानंतर दोघांची शर्यत. मोजणी दूर्वांनी: ताटात २१ मोजून ठेवायच्या, आवर्तनागणिक एक वाहायची. बोटांवर मोजणारा उशिरा आलेल्याला खुणेने जागा दाखवायला गेला की आकडा विसरतो. उशिरा येणारे असतातच, म्हणून ५० जणांत प्रत्येकी २० असा काठोकाठ हिशेब धरू नका.

आणि हे स्तोम मी माजवलेलं नाही. पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथात अधम पाठकांची यादीच आहे: ‘गीती शीघ्री शिरःकम्पी तथा लिखितपाठकः। अनर्थज्ञोऽल्पकण्ठश्च षडेते पाठकाधमाः॥’ गाण्यासारखं म्हणणारा, घाई करणारा, मान डोलावणारा, सगळे आले त्यात. (पुस्तिका हातात धरणारेही आले. तिथे आपण सगळेच नापास.) भीती घातली असेल तर ती त्या ग्रंथाने घातली म्हणा. लगेच पुढे चांगल्या पाठकाचे गुण सांगितलेत, त्यांत ‘अक्षरव्यक्ती’ (अक्षर स्पष्ट उमटणं) आहे, ‘पदच्छेद’ (पदं सुटी म्हणणं) आहे. भाव कुठे आहे ते तुम्हीच शोधून सांगा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलण्यासारखं नाही. यादीत ‘अनर्थज्ञ’, म्हणजे अर्थ न कळता म्हणणारा, आहे हे दाखवायला तुम्ही धावत याल, या. अर्थ समजून घ्यायला कोणी अडवलेलं नाही, पण तो या लेखाचा विषय नव्हता. बायकांबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं; आमच्या बैठकीत अर्ध्याहून जास्त त्याच असतात आणि लयही बहुधा त्याच धरतात. मोबाइलवर खुशाल ऐका. फक्त ते आवर्तनांत धरू नका.