दहाव्या आठवड्यातलं रक्त बाळाचं भविष्य सांगत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि गरोदर बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: दहाव्या आठवड्यात एनआयपीटी (गर्भातले गुणसूत्रदोष शोधणारी) ही एकच रक्ततपासणी करा. तिच्यात बाळाचा डीएनए तपासतात, ती ९९ टक्के खरी असते, त्यामुळे डबल मार्कर (अशाच दोषांची जोखीम सांगणारी दुसरी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफीचा खर्च वाचतो. पुढे बाळंतपणात काय अडचण येणार तेही कळतं. आणि रिपोर्ट ‘हाय रिस्क’ आला तर वेळ न दवडता गर्भपात करून घ्या. यातला ९९चा आकडा अर्धवट खरा आहे. शेवटचा सल्ला घातक आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

‘बाळाचा डीएनए तपासतात.’ तपासतात तो वारेचा (प्लासेंटाचा). आईच्या रक्तात डीएनएचे मोकळे तुकडे फिरत असतात, त्यातले बहुतेक आईचेच. दहाव्या आठवड्याच्या सुमारास साधारण १० टक्के तुकडे वारेच्या पेशींतून आलेले असतात. वार आणि बाळ एकाच बीजापासून होतात म्हणून दोघांची गुणसूत्रं बहुधा जुळतात, पण नेहमी नाही. कधी जास्तीचं गुणसूत्र फक्त वारेत असतं आणि बाळ निर्दोष असतं. जुळ्यांपैकी एक गर्भ सुरुवातीलाच विरून गेला असेल, तर त्याच्या वारेचे तुकडेही काही आठवडे रक्तात सापडतात. म्हणून रक्त देण्याआधी सोनोग्राफी करून ठोके, गर्भांची संख्या आणि दिवस पक्के करावेच लागतात.

वारेच्या तुकड्यांचं प्रमाण साधारण ४ टक्क्यांच्या खाली गेलं की बऱ्याच प्रयोगशाळा निकालच देत नाहीत. आईचं वजन जास्त असेल तर हे जास्त वेळा होतं. रक्त घेण्यातही चुका होतात. यासाठी खास नळी असते, तिच्यातलं द्रव्य आईच्या पांढऱ्या पेशी फुटू देत नाही. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही, आणि ‘पुण्याचा उन्हाळा आहे’ म्हणून बर्फावरही ठेवायची नाही. पेशी फुटल्या की आईचा डीएनए वाढतो आणि वारेचं प्रमाण आणखी घसरतं. निकाल आलाच नाही तर ‘सगळं ठीक’ असं समजू नका. काही गुणसूत्रदोषांत हे प्रमाण मुळातच कमी असतं.

‘९९ टक्के खरी.’ डाउन सिंड्रोम (२१ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन असणं) असलेल्या १०० गर्भांपैकी सुमारे ९९ ही तपासणी पकडते, हे खरं. पण हातात हाय रिस्कचा कागद असलेल्या बाईचा प्रश्न वेगळा असतो: माझ्या बाळाला खरंच आहे का? हे गणित करून बघा. पंचविशीतल्या १ लाख गरोदर बायका घ्या. या वयात हा दोष ढोबळमानाने हजारात एकीच्या गर्भात, म्हणजे १०० जणींच्या. त्यातल्या ९९ सापडतील. उरलेल्या ९९,९०० जणींत हजारी एक जरी खोटा इशारा धरला, तरी सुमारे १०० जणींना विनाकारण हाय रिस्क येईल. म्हणजे जवळपास निम्मे इशारे खोटे. चाळिशीत हा दोष साधारण शंभरात एक. तिथे याच हिशोबाने अकरा इशाऱ्यांत एक खोटा निघतो. तपासणी तीच, यंत्र तेच, फक्त वय बदललं. ‘लो रिस्क’ निकाल मात्र या दोषापुरता खरोखर भरवशाचा असतो.

‘डबल मार्कर आणि सोनोग्राफी नको.’ एनआयपीटी मुख्यतः २१, १८ आणि १३ या गुणसूत्रांची संख्या बघते. हृदयातलं छिद्र, पाठीच्या कण्याची फट, मूत्रपिंडांचे दोष तिला दिसत नाहीत. त्यासाठी ११ ते १४ आठवड्यांतली एनटी सोनोग्राफी (एनटी म्हणजे गर्भाच्या मानेमागच्या द्रवाच्या थराची जाडी) आणि १८ ते २० आठवड्यांतली अवयव तपासणारी अ‍ॅनोमली स्कॅन लागतेच. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर एनआयपीटीत पैसे न घालवता थेट निदानाच्या तपासणीचा विचार करतात. नेहमीच्या एनआयपीटीत थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजारही कळत नाही. त्यासाठी आईची एचबी-ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) तपासणी हवी, आणि ती ३.५ टक्क्यांच्या वर आली तर नवऱ्याचीही. सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत थॅलेसेमियाचे वाहक (स्वतः निरोगी, पण दोष मुलांना देऊ शकणारे) जास्त सापडतात. पिंपरी कॅम्पातल्या कुटुंबांनी तर हे लग्नाआधीच करून घ्यावं.

एनटीसोबत केलेली डबल मार्कर साधारण १०० पैकी ९० डाउन गर्भ पकडते आणि खूप स्वस्त पडते. तिचा हाय रिस्क निकाल आला, तर आधी फॉर्मवरची माहिती तपासा. डबल मार्कर आईच्या रक्तातली पीएपीपी-ए आणि बीटा एचसीजी ही दोन द्रव्यं मोजते. डाउनमध्ये पीएपीपी-ए कमी आणि बीटा एचसीजी जास्त असतं. निरोगी गरोदरपणात या आठवड्यांत पीएपीपी-ए चढत जातं आणि बीटा उतरत जातं. समजा, पाळीच्या तारखेवरून १३ आठवडे लिहिले आणि गर्भ खरा १२चाच आहे. मग पीएपीपी-ए कमी दिसतं, बीटा जास्त दिसतो, आणि नुसत्या तारखेच्या चुकीने जोखीम फुगते. वजन ८५ ऐवजी ५८ टाईप झालं तरी पीएपीपी-ए खोटंच कमी दिसतं. दिवस सीआरएलवरूनच (सोनोग्राफीत मोजलेल्या गर्भाच्या लांबीवरूनच) धरलेत ना, हे विचारा. आणि रिपोर्टवरच्या ‘१:२५०’ याचा अर्थ अशा २५० जणींपैकी २४९ बाळांना हा दोष नसतो.

‘हाय रिस्क आला तर मोकळं व्हा.’ एवढ्यावर कोणीही गर्भपात करू नये. हा इशारा आहे, निदान नव्हे. निदान ११ ते १४ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल काढून होतं. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, आणि आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारायचं असतं. झटपट तपासणीचा निकाल काही दिवसांत येतो, पूर्ण कॅरिओटाइपला (सगळ्या गुणसूत्रांच्या तपासणीला) दोन-तीन आठवडे लागतात. सोळाव्या आठवड्यात गर्भजल घेतलं तरी एकोणिसाव्यापर्यंत उत्तर हातात असतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत वाव आहे, आणि मोठा दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर त्यापुढेही. घाईचं कारण नाही. मजकुरात कुठे ‘मुलगा की मुलगी तेही कळतं’ अशी पुस्ती असेल, तर ते सांगणं आणि विचारणं दोन्ही १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

‘बाळंतपणातल्या अडचणी कळतात.’ एनआयपीटीने नाही. पण दिवस भरण्याआधी गंभीर बीपी चढण्याची, म्हणजे प्रीएक्लॅम्पसियाची जोखीम ११ ते १४ आठवड्यांत काढता येते. त्यासाठी आईची माहिती, बीपी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) आणि रक्तातलं पीएलजीएफ (वारेतून येणारं एक प्रथिन) एकत्र मोजतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्रे चाचणीत जास्त जोखमीच्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन ३६ व्या आठवड्यापर्यंत दिलं. त्यांच्यात ३७ आठवड्यांआधीच्या प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण १.६ टक्के राहिलं, नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ते ४.३ होतं. ही गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी लागते, आणि ती डॉक्टरांनीच द्यायची. या हिशोबातला बीपी मात्र नीट मोजून घ्या: पाच मिनिटं टेकून बसून, हात हृदयाच्या पातळीवर, दोन्ही दंडांवर, दोन-दोनदा. जिना चढून आल्या आल्या घेतलेला एकच आकडा त्यात चालत नाही.